हीट पंप आंघोळीच्या वेळेवर नाही, हवेवर चालवा

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहात चाळीस पोरं. आधी लाकडाचा बंब होता, आता 500 लिटरचा हीट पंप. आंघोळी पाचला म्हणून पहिल्या हिवाळ्यात मी तो पहाटे साडेतीनला लावायचो. बिल पाहून थंडीत घाम फुटला.

हे मशीन गिझरसारखं कॉइलनं पाणी तापवत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीत टाकते. पहाटेच्या 10 अंशांतून ओढायला जोर लागतो, दुपारच्या 28 अंशांतून कमी. 500 लिटर पाणी 20 वरून 50 वर न्यायला साधारण साडेसतरा युनिट उष्णता लागते. एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता मिळाली तर 7 युनिट जळतात, साडेतीन मिळाली तर 5.

म्हणून बाहेरची हवा किती गरम आहे ते पाहून मशीन चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बसवा. खरी गोम सेन्सरच्या जागेत आहे. मी तो पत्र्याखाली टांगला होता. सकाळी ऊन पत्र्यावर पडलं की हवा गार असतानाच गडी 24 दाखवायचा अन् मशीन सुरू! मग मशीनपाशी लावला, तर त्याच्याच थंड झोताने बंद पडायचं. आता उत्तरेच्या भिंतीवर आहे, कायम सावलीत, झोतापासून लांब.

हिवाळ्यात 22 ला चालू, 19 ला बंद ठेवा. मधला फरक सोडला नाही तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन मरतो. वायर बाहेरून चालू-बंद करायच्या टर्मिनललाच जोडायची, तीही इलेक्ट्रिशियनकडून. ढगाळ दिवशी 22 होतच नाही, किंवा दुपारी लाइन जाते. त्यासाठी संध्याकाळी पाचचा टायमर जोडीला हवाच. टाकी तापलेली असेल तर मशीन आपोआप थांबतं. पाणी 50 पुरे. जंतू होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा 60 करतो, त्या दिवशी पोरांना आधीच बजावतो.

मशीन जास्तीत जास्त किती गरम हवेत चालतं, ती मर्यादा उन्हाळ्याआधी त्याच्या पाटीवर पाहा. आमच्याकडे 43 आहे, अन् मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा प्रेशर वाढून मशीन ट्रिप होतं. पण तेव्हा गरम पाणी मागतं कोण? छतावरच्या टाकीचं पाणीच हात पोळतं. एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत मी मेन स्विच पाडून ठेवतो. जूनअखेर सुरू करताना मात्र टाकीतलं जुनं पाणी सोडून द्या अन् पहिलं पाणी 60 पर्यंत तापवा.