जुन्या लॅप स्टीलचा पिकअप उघडताय? आधी या चुका टाळा

लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार, आणि पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तिचा भाग, त्यात मॅग्नेट आणि कॉइल (बारीक वायरची गुंडाळी) असतात. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो, कव्हर समजून मॅग्नेट काढणं. रिकनबॅकर कंपनीची ती गाजलेली अ‍ॅल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन', 1932 मध्ये विकायला आली, तिच्यावर तारांच्या वरून कमानीसारखं जाड काहीतरी दिसतं ना, ते हात टेकवायला नाहीये आणि शोभेलाही नाहीये. ते दोन यू आकाराचे मॅग्नेट आहेत आणि तारा त्यांच्या बोगद्यातून जातात, कॉइल खाली, म्हणजे कमान काढली की अर्धा पिकअपच गेला. ती शोधून काढणाऱ्या जॉर्ज बोशांना 1937 मध्ये पेटंट मिळालं ते याच डिझाइनचं. गंमत म्हणजे फेंडर कंपनीच्या बऱ्याच लॅप स्टीलवर खरंच नुसतं क्रोमचं कव्हर असतं, ते काढलं तर काही बिघडत नाही, त्यामुळे तिथली सवय लोकं इथे लावतात आणि फसतात.

बरं, काढलेच मॅग्नेट तर परत लावताना बघा. दोन्ही बरोबर बसले की ते एकमेकांना ढकलतात, स्क्रू आवळताना त्रास होतो, तो व्हायलाच पाहिजे. अगदी प्रेमाने चिकटले तर एक उलटा लागलाय, आवाज मेल्यासारखा येणार. आणि ते जुन्या पद्धतीच्या पोलादाचे मॅग्नेट आहेत, काढून ड्रॉवरमध्ये सुटे टाकून ठेवले की ताकद कमी होते, म्हणून गरज नसेल तर हातच लावू नका. स्पेअर शोधताना पट्टीने रुंदी मोजा, दुसऱ्या महायुद्धाआधीचे दीड इंची, नंतरचे सव्वा इंची.

दुसरी चूक मल्टिमीटरवर आंधळा विश्वास. गिब्सनच्या ईएच-150 या लॅप स्टीलमध्ये वरून फक्त पातळ ब्लेड (धातूची पट्टी) दिसते, खाली लाकडाच्या आत लांबच लांब मॅग्नेट लपलेले असतात, आणि सुरुवातीच्या कॉइलची वायर जाड, त्यामुळे मीटर ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, कमी दाखवतो. लोकं म्हणतात पिकअप शॉर्ट झाला, रिवाइंड करू, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळू. अहो थांबा, जाड वायरला ओहम कमीच येणार! आधी वाजवून बघा. मीटर ओपन दाखवत असेल तर मात्र कुठेतरी तुटलंय, पण बऱ्याचदा ते कॉइलच्या बाहेर, लीडच्या (बाहेर येणाऱ्या वायरच्या) सोल्डरपाशी असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हिरवा गंजच धरतो तिथे.

व्हॅल्को कंपनीच्या, म्हणजे सुप्रो आणि नॅशनल नावाच्या बऱ्याच स्टीलमध्ये तारा पिकअपच्या आतूनच ओवाव्या लागतात. मी पहिल्यांदा तार बदलताना वैतागून पिकअपच सोडवायला निघालो होतो, नशीब स्क्रूच फिरला नाही. टोकाला जरासा बाक द्या, हळू ढकला, येते बाहेर.

फेंडर स्ट्रिंगमास्टरमध्ये प्रत्येक नेकला (तारांच्या प्रत्येक संचाला) दोन कॉइल, एकमेकांची हम (विजेची गुणगुण) मारायला उलटसुलट गुंडाळलेल्या. रिपेअरनंतर आवाज अचानक पातळ, नाकातला यायला लागला आणि हमही वाढली, तर एका कॉइलच्या दोन वायर अदलाबदल झाल्यात. त्या फिरवा, बस. पिकअप बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

आणि तारा! ब्राँझच्या अकूस्टिक तारा लावून 'खालच्या तारा ऐकूच येत नाहीत' म्हणणारे दर महिन्याला भेटतात. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणजे बऱ्याच घरांत उंच नट (तारा वर उचलणारी पट्टी) लावलेली साधी अकूस्टिक, हवाईयन गिटारवादक वॅन शिप्ली यांना ऐकून घेतलेली, त्यामुळे दुकानात तोच सेट मागायची सवय. मॅग्नेटला ब्राँझचं गुंडाळण दिसतच नाही, फक्त आतली स्टीलची तार दिसते, म्हणून गुंडाळलेल्या तारा दबतात. निकेलचा सेट घ्या.

फ्राइंग पॅन स्टेजच्या दिव्यांखाली गरम झाली की बेसूर होते, त्याला पिकअप जबाबदार नाही, धातू आहे तो, वाढतो. पुन्हा सूर लावा.