शिफारशीची फळी: पुस्तकाच्या दुकानात ‘आमची निवड’ कशी लावायची

‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ आणि ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’ हे तीन शिक्के आधी बाजूला ठेवा. ते कुठल्याही पुस्तकावर बसतात, म्हणून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. फळीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला पुस्तक थोर आहे का, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ते आपल्याला झेपेल का, पैसे आणि चार-सहा संध्याकाळी त्याच्यावर घालवाव्यात का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्यामुळे पुस्तकाखाली लावायच्या शिफारशीच्या चिठ्ठीवरची सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘हे कोणाला आवडणार नाही’ ही. दुकानमालकांना ती सुरुवातीला खुपते. पण ती ओळ असली की बाकीच्या ओळींवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

चिठ्ठी

४ बाय ६ इंचांचं जाड कार्ड घ्या, ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं. पातळ कागद आठवडाभरात पंख्याच्या वाऱ्यानं मुडपतो. कार्ड उभं धरा. देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींत एक सेंटिमीटर तरी अंतर लागतं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव यांची जागा सोडली की मजकुराला नऊ-दहा ओळी उरतात, म्हणजे चाळीस ते पन्नास शब्द. त्याहून जास्त मजकूर उभ्यानं कोणी वाचत नाही. काळ्या शाईनं हातानं लिहा. अक्षर वाईट असेल तर सहकाऱ्याकडून लिहून घ्या, पण छापू नका. लॅमिनेशनही नको, ट्यूबलाइट चमकून अर्धी चिठ्ठी दिसत नाही.

मजकूर कसा असावा, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर पाहू. ही कादंबरी १९५५ची. तिच्यावर सर्रास अशी चिठ्ठी लागते:

‘ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण करणारी, मराठी साहित्यातील मैलाचा दगड ठरलेली अजरामर कलाकृती.’

यातून वाचणाऱ्याला काय कळलं? हे मलपृष्ठावर असतंच, आणि तिथंही कोणी वाचत नाही. त्याऐवजी:

‘माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर नेमणुकीवर येतो. शाळेत मुलं यायची तर आधी वाडीनं त्याला आपलं म्हणायला हवं. कादंबरी लहान, वाक्यं आखूड, एकही वर्णन लांबत नाही. पानागणिक काहीतरी घडायला हवं असेल, तर सपक वाटेल. वर्षानुवर्षं मराठी वाचलेलं नसेल, तर इथून सुरुवात करा.’

पहिली दोन वाक्यं गोष्टीची, तिसरं वाचायला कसं आहे याचं, चौथं नकाराचं आणि शेवटचं कोणासाठी याचं. वाडीचं पुढं काय होतं, ते चिठ्ठीवर येता कामा नये. सोपा नियम असा की पुस्तकाच्या पहिल्या पाचव्या हिश्शात जे घडतं तेवढंच सांगायचं. पानसंख्या लिहायची तर दुकानात असलेल्या आवृत्तीवरून लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात.

निवड

दोन फळ्या, बारा पुस्तकं. यापेक्षा जास्त झाली की ती शिफारस राहत नाही, नुसता साठा होतो. दुकानातल्या मंडळींना मोकळं सोडलं, तर बारापैकी सात ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या येतात. म्हणून जागा आधीच वाटून घ्या: दोन कादंबऱ्या, एक कथासंग्रह, एक कवितासंग्रह, दोन आत्मकथनं, एक विनोदी, एक रहस्य किंवा गूढकथा, एक विज्ञानकथा किंवा माहितीपर, एक अनुवाद आणि मुलांसाठी दोन. लिहिणाऱ्यानं पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, तेही गेल्या दोन-तीन वर्षांत. कॉलेजात वाचलेलं पुस्तक आठवणीत नेहमीच जास्त चांगलं असतं.

पडून राहिलेला माल या फळीवर खपवायचा नाही, आणि ज्यावर कमिशन जास्त तेही नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळतं आणि मग सगळ्याच चिठ्ठ्यांवरून त्याचं मन उडतं.

‘मृत्युंजय’ किंवा ‘स्वामी’ यांना चिठ्ठीची गरज नसते, ती आपल्या पायांनी चालतात. चिठ्ठी हवी ती त्यांच्या पुढच्या पुस्तकाला. ‘मृत्युंजय’ वाचून भारावलेल्याला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ द्यावं, पण इशारा देऊन: कर्ण तुमचा लाडका असेल तर हे पुस्तक त्याची गय करत नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ पाठ असलेल्याला पुन्हा पुलंच देण्यापेक्षा माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ द्या. तीही व्यक्तिचित्रंच, पण हसू कमी आणि चटका जास्त, हे चिठ्ठीवर स्पष्ट असू द्या. नाहीतर विनोदी समजून नेलेलं पुस्तक नाराजीसकट परत येतं.

आत्मकथनांच्या बाबतीत एक खोड जुनी आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) किंवा लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) ‘सामाजिक’ अशा वेगळ्या कोपऱ्यात जातं आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांत. तिन्ही आत्मकथनं म्हणूनच धरा. ‘बलुतं’च्या चिठ्ठीवर ‘दाहक’, ‘विदारक’ असले शब्द घातले की ते कर्तव्य म्हणून विकत घेतलं जातं आणि वाचायचं राहून जातं. त्यात मुंबईच्या कावाखाना या वस्तीतली माणसं कशी दिसतात, याबद्दल एखादी ओळ लिहा.

नेमाड्यांच्या ‘कोसला’वर (१९६३) नकाराची ओळ सगळ्यात जास्त लागते. कथानक शोधणारा वाचक हे पुस्तक अर्ध्यात टाकतो. गाव सोडून शहरात वसतिगृहात राहिलेला मात्र नायक पांडुरंग सांगवीकराच्या मागं हसत-हसत जातो आणि मग हसू कुठं थांबलं ते त्याचं त्याला कळतं. जी. ए. कुलकर्णींच्या कथासंग्रहावर ‘एका बैठकीत एकच कथा’ एवढं लिहिलं तरी पुरे.

कविता चिठ्ठीनं विकली जात नाही, पान उघडून विकली जाते. संग्रहात एका कवितेपाशी खूणचिठ्ठी घाला आणि चिठ्ठीवर फक्त पानाचा आकडा द्या. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना, जी १९५२मध्ये पुस्तकरूपात आली, एक सूचना हवीच: मोठ्यानं वाचा. खानदेशी बोली डोळ्यांना अडखळते, कानाला अडखळत नाही. गूढ-भयकथांत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना एकाच दावणीला बांधू नका. धारपांकडे अमानवी शक्ती दारात येऊन उभी राहते. मतकरींच्या कितीतरी कथांत भीती घरातल्याच माणसाकडून येते. गिऱ्हाइकाला यातलं कुठलं हवं, ते विचारलं की काम झालं. नारळीकरांच्या विज्ञानकथांसाठी ‘आठवी ते दहावी’ लिहिलंत की मोठी माणसं हात लावत नाहीत. त्याऐवजी ‘शाळेत विज्ञान नावडतं असलं तरी चालेल’ लिहा.

मुलांच्या पुस्तकावर नुसतं वय लिहून भागत नाही. इंग्रजी माध्यमातला बारा वर्षांचा मुलगा मराठी सहसा लहान मुलांच्या वेगानं वाचतो, पण गोष्ट त्याला त्याच्या वयाचीच हवी असते. अक्षर किती मोठं, जोडाक्षरं किती, प्रकरण किती पानांचं, हे लिहा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अशा मुलांना चालतो, कारण प्रसंग धावता असला की अडलेला शब्द ओलांडून मूल पुढं जातं. परदेशातल्या नातवंडांसाठी पुस्तकं न्यायला येणाऱ्या आजी-आजोबांना ही माहिती फार लागते. शिवाय वजनही सांगा. बॅगेत आधी लोणचं भरलेलं असतं.

काउंटरवर

‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला लगेच पुस्तक दाखवू नका. आवडता लेखक कोण, हेही विचारू नका. लोक भारदस्त नाव सांगतात. असं विचारा:

‘काकू, शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं?’
‘अलीकडचं म्हणजे... दिवाळी अंकच वाचते हो मी.’
‘त्यात आधी काय उघडता? कथा, लेख की प्रवास?’
‘माणसांवरचे लेख असतात ना, ते.’

झालं की! काकूंना कादंबरी द्यायची नाही. व्यक्तिचित्रं, नाहीतर अनिल अवचटांचं ‘माणसं’. दुसरा हमखास प्रश्न म्हणजे अर्ध्यात सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि कशामुळं. तिसरा, कधी वाचणार: लोकलमध्ये उभ्यानं की रात्री अंथरुणात? लोकलमधल्याला पुठ्ठा बांधणीचा सहाशे पानी ग्रंथ देणं हा त्याच्या मनगटावर अन्याय आहे.

हातात तीनच पुस्तकं द्या: एक अगदी मागितल्यासारखं, एक शेजारच्या प्रकारातलं, एक थोडं धाडसाचं. मग बाजूला व्हा. प्लास्टिकच्या वेष्टणातलं पुस्तक शिफारस म्हणून देणं व्यर्थ आहे. प्रत्येक शिफारशीची एक प्रत फोडून ‘चाळण्यासाठी’ ठेवा. भेट म्हणून हवं असेल, तर घेणारा काय वाचतो हे विचारा, देणारा काय वाचतो हे नव्हे. आणि समोर बाई आहेत म्हणून पाककृती, तरुण आहे म्हणून स्पर्धा परीक्षा, असं परस्पर ठरवू नका.

मांडणी आणि साठा

तीन फुटांच्या फळीवर डेमी आकाराची (साडेपाच बाय साडेआठ इंच) सहा पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून बसतात. कणा दाखवून लावलेल्या पुस्तकाखाली चिठ्ठी चिकटवणं फुकट जातं. फळी जमिनीपासून चार ते पाच फुटांवर घ्या, मुलांची अडीच फुटांवर. दाराजवळ नको: उन्हानं मुखपृष्ठाचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो आणि पावसाळ्यात ओल येते. बिलाच्या रांगेमागंही नको, तिथं लोकांच्या पाठी येतात.

चिठ्ठी लिहिण्याआधी वितरकाला फोन करा. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात आणि एक संपून दुसरी यायला कितीही वेळ लागतो. पाच प्रती हातात असतील तरच फळीवर घ्या, दोन उरल्या की मागणी नोंदवा. पुस्तक संपल्यावर चिठ्ठी तशीच राहिली, तर लोक तिचा फोटो काढून दुसरीकडून मागवतात.

दर महिन्याला चार पुस्तकं बदला, बाराच्या बारा नव्हे. एका वहीत तारीख, पुस्तक, चिठ्ठी कोणाची आणि किती प्रती गेल्या, एवढं लिहा. तीन आठवड्यांत एकही प्रत हलली नाही, तर आधी चिठ्ठी नव्यानं लिहा, मग पुस्तकाची फळीवरची जागा बदला, आणि तरीही हललं नाही तरच पुस्तक काढा. बहुतेक वेळा दोष पहिल्या वाक्यात निघतो: त्यात माणूस नसतो, नुसती विशेषणं असतात. दिवाळी अंकांना मात्र तीन आठवडे मिळत नाहीत. त्यांची चिठ्ठी अंक आल्यापासून दोन दिवसांत लागायला हवी, आणि तीही पूर्ण अंकाबद्दल नव्हे तर आतल्या एका लेखाबद्दल, पानाच्या आकड्यासह.

काढलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. महिन्यावार रबर लावून काउंटरखालच्या डब्यात ठेवा. ‘मागं इथं एक पुस्तक होतं, निळ्या रंगाचं, त्यावर तुम्ही लिहिलं होतं की झोपण्याआधी वाचू नका’ असं म्हणत माणूस चार महिन्यांनी येतो. त्याला ना नाव आठवत असतं ना लेखक, चिठ्ठीवरचं तेवढं एक वाक्य आठवत असतं.