पावसाळ्यात नायलॉन, पीसी (पॉलीकार्बोनेट) या प्लास्टिकचा दाणा कसा सुकवावा

जुलै-ऑगस्टात सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये हवाच इतकी ओली असते, की साधा हॉट एअर ड्रायर तीच हवा तापवून दाण्यावर सोडतो. पीपी (पॉलीप्रॉपिलीन), पीई (पॉलीएथिलीन) या प्लास्टिकचं ठीक आहे. त्यांचा ओलावा पृष्ठभागावरच असतो, तासाभरात जातो. नायलॉन, पीसी आणि एबीएस हे प्लास्टिक मात्र पाणी आत शोषतात. त्यांना डीह्युमिडिफाइंग ड्रायरच (हवेतला ओलावा आधी काढून मग ती तापवणारा) हवा, आणि त्याच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ साकळू लागते) उणे ३० अंशांच्या खाली.

नायलॉन ६ ला ८० अंशांवर ४ ते ६ तास. घाई म्हणून तापमान वाढवू नका, दाणा पिवळा पडतो. पीसीला १२० अंशांवर ३ ते ४ तास, ओलावा ०.०२ टक्क्यांच्या आत यायलाच हवा. इथे चूक महागात पडते: मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळतो त्या तापत्या नळीत, पाणी पीसीच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. कधीकधी पार्टवर ओलाव्याच्या चंदेरी रेघाही दिसत नाहीत, पण पार्ट स्क्रू आवळताना तडकतो. असा माल पुन्हा सुकवून सुधारत नाही.

पीसीची खात्री करायला साधन सोपं आहे: सुमारे २७० अंश तापलेल्या हॉट प्लेटवर काचेच्या दोन पट्ट्या गरम करा, चार-पाच दाणे मध्ये ठेवून चिमट्याने दाबा. एखाद-दुसरा बुडबुडा अडकलेल्या हवेचा असतो. पुष्कळ दिसले तर दाणा ओला.

मशीनच्या हॉपरमध्ये (दाणा भरायच्या डब्यात) अर्ध्या तासापुरताच माल भरा, झाकण लावा. गोणी उघडी राहिली तर सुकवण्याचे तास पुन्हा पहिल्यापासून मोजा.