फर्ग्युसन दाखवायचं तर आधी टेकडी चढा

दर जूनमध्ये आमच्याकडे पुण्यात गावाकडून कुणाचं तरी पोरगं शिकायला येतं. गेल्या वर्षी भाची आली, बार्शीहून, अकरावीला. ताई गेटपाशीच फोटो काढत बसली. म्हटलं, गेट कुठं पळून जात नाही, उद्या सकाळी वर चल.

रविवारी सव्वासहाला निघायचं. कॉलेजच्या मागची हनुमान टेकडी. पायात बूट हवेत; पावसाळ्यात त्या मुरमावर चप्पल घालून गेलात तर उतरताना बसूनच यावं लागतं, स्वानुभव आहे. वर पोचलं की पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. पायाशी झाडीत कॉलेज, मग फर्ग्युसन रस्ता, त्याच्यापुढे जंगली महाराज रस्ता, मग मुठा आणि पलीकडे पेठा. उजव्या हाताला डेक्कन, लांबवर पर्वती. डावीकडे शिवाजीनगर, गावाची गाडी धरायचं स्टेशन तिकडेच. हे दोन रस्ते एकेरी आहेत, एकाने जायचं नि दुसऱ्याने यायचं, हे वरून पाहिलं की पोरं बसस्टॉप चुकत नाहीत. मी पहिले पंधरा दिवस चुकले होते. भाचीनं पर्समधून प्रवेशाची पावती काढली आणि त्या पावतीच्या पाठीवर हे सगळं काढून घेतलं.

मग खाली आवारात. मुख्य इमारत, वाडिया ग्रंथालय, अ‍ॅम्फी थिएटर हे रोजच्या येण्याजाण्यात दिसतंच. त्यावर वेळ घालवू नका. वसतिगृहापाशी मात्र थांबा. सावरकर इथं राहायचे. 1905 मध्ये विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढलं. पोरांना हे फार आवडतं. कॉलेज 1885 चं, नाव मुंबईच्या गव्हर्नरचं. पण पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशवाले, आणि त्यांच्यानंतर आगरकर. ही दोन नावं तेवढी सांगून ठेवा.

भूक लागली की वैशाली हॉटेल. रविवारी रांग असतेच, म्हणून एकानं आधी जाऊन नाव नोंदवायचं. रांगेत उभं राहायचा कंटाळा असेल तर सरळ खाली गुडलक चौकात जाऊन बन मस्का. कॅफे गुडलक 1935 पासून आहे, पोरं आत्ताची.

खोलीचं काम त्याच दिवशी उरकू नका. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन राहायचं तर संध्याकाळी सातला जाऊन नळ सोडून बघा, आणि डिपॉझिट परत कधी मिळणार ते लिहून घ्या. माझं एका मालकानं बुडवलंय. आणि पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी या रस्त्यावर गाडी आणायचा विचारही करू नका, चालत या.

सोमवारी भाचीला ऑफिसात तीच पावती द्यावी लागली. क्लार्कनं उलटून पाहिली आणि बरोब्बर पर्वतीवर शिक्का मारला. नकाशा कोऱ्या कागदावर काढा.