तर्काची आणि गणिताची कोडी कशी सोडवावीत

कोडे समोर आले की बहुतेक जण लगेच आकडेमोडीला लागतात आणि तिथेच फसतात. पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली बहुतेक कोडी शालेय गणिताच्या पलीकडे जात नाहीत. त्यांची खरी अडचण शब्दांत असते, आणि त्याहूनही अधिक, वाचताना आपण नकळत पदरच्या घातलेल्या अटींत असते. म्हणून सोडवण्याची पहिली पायरी म्हणजे कोडे दोनदा सावकाश वाचून कागदावर दोन याद्या करणे. एका यादीत कोड्याने स्पष्टपणे दिलेल्या अटी लिहाव्यात आणि दुसरीत आपण स्वतः धरून चाललेल्या गोष्टी लिहाव्यात.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे कोडे घ्या. होडीत त्याच्याबरोबर एका वेळी एकच मावते. तो जवळ नसेल तर वाघ शेळीला खातो आणि शेळी गवत खाते. (आठव्या शतकातील विद्वान अल्क्विन याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लॅटिन संग्रहात हेच कोडे लांडगा, शेळी आणि कोबी अशा रूपात येते.) येथे अडणाऱ्याच्या दुसऱ्या यादीत हमखास एक ओळ सापडते: ‘एकदा पैलतीरी नेलेले परत आणायचे नाही.’ ही अट कोड्यात कुठेही नाही. ती खोडली की वाट मोकळी होते. शेळी न्यावी, रिकामे परत यावे, वाघ न्यावा आणि येताना शेळी परत आणावी. मग गवत न्यावे, रिकामे परत यावे आणि शेवटी पुन्हा शेळी न्यावी. एकूण ७ खेपा होतात.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारावा: कोड्यातील कोणाला काय ठाऊक आहे? तीन दारांचे कोडे याच प्रश्नावर उभे आहे. एका दारामागे मोटार आणि दोन दारांमागे शेळ्या असतात. तुम्ही एक दार निवडता, सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी शेळीचे एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, ‘निवड बदलणार का?’ बदलल्यास जिंकण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते, असे अमेरिकी स्तंभलेखिका मॅरिलिन वॉस सॅव्हंट यांनी १९९० साली आपल्या स्तंभात लिहिले, तेव्हा हजारो वाचकांनी त्यांना चुकीचे ठरवले आणि त्यांत गणितात उच्च पदवी घेतलेलेही होते. उत्तर मात्र बरोबर होते. पहिली निवड तीनपैकी दोन वेळा चुकते, आणि ती चुकलेली असताना सूत्रसंचालकाला शेळीचे एकच दार उघडता येते, म्हणजे मोटार उरलेल्या दारामागेच असते. परंतु हे सारे ‘मोटार कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक आहे आणि तो नेहमी शेळीचेच दार उघडतो’ या अटीवर अवलंबून आहे. तो आंधळेपणाने दार उघडत असेल आणि योगायोगाने शेळी निघाली असेल, तर शक्यता निम्मी-निम्मी होते. दार उघडणाऱ्याला काय ठाऊक आहे एवढ्यानेच उत्तर बदलते, आणि वाचणाऱ्यांपैकी फार थोडे ते आधी विचारतात.

दुसरी पायरी गृहीतक धरण्याची आहे. खरे-खोटे बोलणाऱ्यांच्या कोड्यांत डोक्यातल्या डोक्यात गुंता सोडवू नये. एक शक्यता खरी मानावी आणि ती कुठे नेते ते पाहावे. एका बेटावरचे काही जण नेहमी खरे आणि बाकीचे नेहमी खोटे बोलतात. दोघे भेटतात आणि पहिला म्हणतो, ‘आम्ही दोघेही खोटारडे आहोत.’ तो खरा मानला तर त्याच्याच विधानाप्रमाणे तो खोटारडा ठरतो, हा विरोध झाला. म्हणून तो खोटारडा आहे आणि त्याचे विधान असत्य आहे. इथे बरेच जण घसरतात: ‘दोघेही खोटारडे’ हे असत्य म्हणजे ‘दोघेही खरे’ असे नव्हे, तर ‘निदान एक जण खरा’ असे होते. पहिला खरा नाही, म्हणून दुसरा खरा. ‘सर्व’चा नकार ‘एकही नाही’ असा होत नाही, हे कागदाच्या कडेला लिहून ठेवावे.

तिसरी पायरी म्हणजे कोडे लहान करणे किंवा शेवटाकडून पाहणे. १० मीटर खोल विहिरीत पडलेली गोगलगाय दिवसा ३ मीटर चढते आणि रात्री २ मीटर घसरते. ती कितव्या दिवशी बाहेर येईल? दिवसाला एक मीटर या हिशेबाने ‘दहाव्या’ असे उत्तर चटकन सुचते. हीच विहीर ३ मीटरची केली तर ती पहिल्याच दिवशी बाहेर पडते आणि आपली चूक उघडी पडते: शेवटच्या दिवशी घसरणे नसते. सात दिवसांनी ती ७ मीटरवर असते आणि आठव्या दिवशी काठ गाठते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त अज्ञात संख्येसाठी ‘इष्टकर्म’ ही युक्ती आहे, म्हणजे एखादी सोयीची संख्या उत्तर म्हणून धरायची आणि शेवटी ती प्रमाणात दुरुस्त करायची. ती अशा वेळी अजूनही उपयोगी पडते. तिथल्या एका उदाहरणात भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर आणि या दोहोंच्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर जातात, आणि एक भुंगा उरतो. थवा ३० चा धरला तर ६, १० आणि १२ जातात, २ उरतात. उरायला हवा १, म्हणजे निम्मा, म्हणून थवाही निम्मा, १५ चा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो चौथ्या पायरीला, म्हणजे शक्यता मोजण्याला. दिसायला सारखीच १२ नाणी आहेत आणि त्यांतले एक खोटे आहे, पण ते हलके आहे की जड हे ठाऊक नाही. दोन पारड्यांच्या तराजूवर केवळ ३ वेळा तोलून ते नाणे कोणते आणि हलके की जड, हे ठरवायचे आहे. तोलायला सुरुवात करण्याआधी मोजावे: बारापैकी कोणतेही नाणे हलके किंवा जड असू शकते, म्हणून शक्यता २४ आहेत. एका तोलण्याचे निकाल तीन असतात: डावे पारडे खाली, उजवे खाली किंवा दोन्ही समान. म्हणून ३ वेळांत २७ निकाल वेगळे ओळखता येतात आणि उरलेल्या २ वेळांत फक्त ९. याचा अर्थ पहिल्या तोलण्यानंतर, निकाल काहीही लागो, ९ हून अधिक शक्यता उरता कामा नयेत. सहा-सहा तोलले तर १२ उरतात. पाच-पाच तोलून पारडे झुकले तर १० उरतात. तीन-तीन तोलून समान आले तर बाहेरच्या सहा नाण्यांच्या १२ उरतात. चार-चार तोलले तर दोन्ही प्रसंगी ८ उरतात, आणि म्हणून सुरुवात तशीच करावी लागते.

समान आले तर उरलेल्या चारपैकी तीन नाणी तीन खऱ्या नाण्यांविरुद्ध तोलावीत. पारडे झुकले तर खोटे त्या तिघांत आहे आणि ते हलके की जड हेही कळले. मग त्यातील दोन एकमेकांविरुद्ध तोलावीत. ती दोन समान आली तर तिसरे खोटे. दुसऱ्या वेळी तीन-तीन समान आले असतील, तर उरलेले चौथे नाणे खऱ्याशी तोलावे. पहिल्याच वेळी पारडे झुकले असेल, तर जड बाजूची नाणी क, ख, ग, घ आणि हलक्या बाजूची च, छ, ज, झ मानून दुसऱ्या वेळी क, ख, च विरुद्ध ग, घ, छ असे तोलावे. डावे पारडे खाली गेले तर क किंवा ख जड आहे, नाहीतर छ हलके आहे, आणि क विरुद्ध ख तोलले की निकाल लागतो. उजवे खाली गेले तर हाच विचार ग, घ आणि च यांना लावावा. समान आले तर ज आणि झ तोलावीत. वर जाणारे खोटे.

काही कोड्यांत मोजणीऐवजी न बदलणारी गोष्ट शोधावी लागते. बुद्धिबळाच्या पटाच्या एकाच कर्णाच्या दोन टोकांची कोपऱ्यांतील घरे कापली, तर उरलेली ६२ घरे प्रत्येकी लगतची दोन घरे झाकणाऱ्या ३१ डॉमिनोंनी (आयताकृती सोंगट्यांनी) झाकता येतील का? मांडून पाहण्यात अख्खी दुपार जाईल. कापलेली दोन्ही घरे एकाच रंगाची आहेत, म्हणून एका रंगाची ३२ आणि दुसऱ्याची ३० उरतात. डॉमिनो मात्र कसाही ठेवला तरी प्रत्येक रंगाचे एकच घर झाकतो. म्हणून ते अशक्य आहे.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रश्न सोडवण्याचे जे चार टप्पे मांडले, त्यांतला शेवटचा म्हणजे मागे वळून पाहणे हा होता, आणि तोच सर्वाधिक गाळला जातो. उत्तर मिळाल्यावर ते मूळ अटींत घालून तपासावे आणि मग एखादी अट बदलून पाहावी. नाणी १३ असती तर शक्यता २६ झाल्या असत्या, म्हणजे अजूनही २७ च्या आत, आणि म्हणून काम होईल असे वाटते. पण चार-चार तोलून समान आले तर पाच नाणी, म्हणजे १० शक्यता उरतात. पाच-पाच तोलून पारडे झुकले तरी १० च उरतात. त्यामुळे ३ वेळांत खोटे नाणे कोणते आणि ते हलके की जड, ही दोन्ही उत्तरे १३ नाण्यांसाठी हमखास मिळत नाहीत.