पहिली १०० किमी चॅरिटी राइड: डाव पहिल्या तीस किलोमीटरमध्येच ठरतो

सायकल मापाची आहे, सर्व्हिसिंग झालं आहे, हेल्मेट आहे, नावही नोंदवून झालं आहे, असं धरून चालू. या गोष्टींवर पानं भरणारे लेख पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत 'सकारात्मक राहा' हा सल्लाही असतो. सत्तराव्या किलोमीटरला पोटात काही नसेल तर सकारात्मकतेने पेडल फिरत नाही.

शेवटी मागच्या गाडीत (सगळ्यांच्या मागून येणाऱ्या मदतीच्या गाडीत) बसून परतणारे बरेच जण शेवटच्या टप्प्यात कुठेतरी थांबतात. कारण मात्र बऱ्याचदा सकाळच्या पहिल्या दीड तासातलं असतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या दीड तासाला दिली आहे.

सराव

तीन महिने हाताशी ठेवा. आठवड्यात एक-एक तासाच्या दोन राइड आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब राइड. लांब राइड ३० किमीपासून सुरू करून दर आठवड्याला पाच-सहा किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. मुख्य दिवसाच्या दोन आठवडे आधी एकदा ७५ ते ८० किमी झाले की पुरे. 'आधी एकदा पूर्ण शंभर मारून बघ' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ८० आरामात झाले तर १०० होतात. उलट ऐन वेळी शंभर मारले की थकवा उतरायच्या आत मुख्य दिवस येतो. शेवटच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या, हलक्या राइड करा. त्या आठवड्यात केलेल्या मेहनतीचा फायदा मुख्य दिवशी मिळत नाही, थकवा मात्र मिळतो.

बसण्याची जागा

सीटची उंची अशी ठरवा: पेडल तळाला असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागे दुखत असेल तर वर आहे. एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका आणि शेवटच्या आठवड्यात तर हातच लावू नका. सीट जमिनीला समांतर हवी. पुढचं टोक खाली झुकवलं की अंग पुढे घसरतं, सगळा भार तळव्यांवर येतो आणि करंगळी बधिर होते.

सीटवर फोम किंवा जेलचं जाड कव्हर चढवू नका. मऊ कव्हरमध्ये हाडं रुततात आणि दाब भलत्या जागी पडतो. पॅड असलेली सायकलिंगची शॉर्ट घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. आतल्या कपड्याची शिवणच साल काढते.

टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची असते असं नाही. ७० किलोच्या आसपास वजन आणि २८ मिमीचं टायर असेल तर मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआयच्या (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं एकक) जवळपास ठेवा. ३५ मिमीच्या टायरला ५०-५५ पुरतं. दगडासारखं कडक टायर वेगवान वाटतं खरं, पण खडबडीत रस्त्यावर ते उडत राहतं आणि हातपाय दमवतं.

देणगी

चॅरिटी राइड म्हणजे राइडच्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी ओळखीच्यांकडून देणगी गोळा करणं. पहिली रक्कम स्वतःची टाका. मग एकेकाला वेगळा निरोप पाठवा. ग्रुपवर टाकलेलं आवाहन सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी तरी देईल. पैसे कुठे जाणार ते एका वाक्यात सांगा आणि ते थेट संस्थेच्या खात्यात जातील असं बघा. रोख घ्यावीच लागली तर लगेच नोंद करा, पावती द्या. नोंदणी फी देणगीत धरली जाते की वेगळी, हेही आधीच विचारून घ्या, कारण देणारे ते विचारतातच.

'दर किलोमीटरमागे अमुक रुपये' अशी देणगी घेऊ नका. ऐकायला छान वाटतं, पण गुडघा दुखत असताना किंवा चक्कर येत असताना थांबायचं की नाही हे ठरवण्याच्या मध्ये पैसा येतो. रक्कम ठरलेली असू द्या, राइड पूर्ण होवो न होवो.

पहिले तीस किलोमीटर

सुरुवातीच्या रेषेवर गर्दी असते, ढोल किंवा गाणी असतात, पाय ताजे असतात. सरावात तुम्ही ताशी २० किमीने चालवत होता, इथे बघता बघता २५ होतात आणि काही जाणवतही नाही. जाणवत नाही हाच धोका आहे. हवेचा रोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २० चे २५ केले की त्या कामासाठी जवळपास दुप्पट ताकद जाते. आणि मिळतं काय? तीस किलोमीटरमध्ये १८ मिनिटं. ही १८ मिनिटं शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये दामदुपटीने वसूल होतात.

त्याचं कारण असं. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली साखरेची शिल्लक, साठवतात, म्हणजे अंदाजे १६०० ते २००० कॅलरी. मध्यम वेगाने सायकल चालवताना तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च होतात. चरबीचा साठा भरपूर असला तरी तिच्यातून ऊर्जा हळू मिळते. जोर कमी असेल तर शरीर चरबीवर बरंचसं भागवतं, जोर वाढला की ग्लायकोजेनला हात घालतं. पहिल्या तासात दामटणारा माणूस ज्या साठ्यावर शेवटची चढण चढायची तोच आधी संपवतो. साठा संपला की पाय हळूहळू नाही, एकदम जातात. डोकं जड होतं, चिडचिड होते, उन्हातही अंगावर काटा येतो. सायकलवाले याला 'बाँक' म्हणतात. त्यानंतर खाल्लेलं अंगी लागायला वीस-तीस मिनिटं जातात आणि तोवर रस्त्याच्या कडेला बसण्यावाचून काही सुचत नाही.

वेग आवरायला यंत्र लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात, मध्ये धाप न लागता बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर लगेच एक गिअर हलका करा. हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ असेल तर '२२० वजा वय' या सूत्रावर डोळे मिटून विसंबू नका. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. पेडलचे फेरे मिनिटाला ८० ते ९० ठेवा. जड गिअरवर साठच्या गतीने रेटत राहिलात तर गुडघे आणि मांड्या लवकर बोलायला लागतात. चढ दिसला की तो सुरू होण्याआधीच गिअर उतरवा, पूर्ण जोर लावलेला असताना बदलला तर चेन सटकते. समोरून वारा असेल तर वेगाच्या आकड्याकडे बघूच नका. जोर तोच ठेवा, वेग पडला तर पडू द्या.

लोक पुढे जातील. वयस्कर जातील, टोपलीवाल्या सायकली जातील. जाऊ द्या. तीस किलोमीटर झाल्यावर 'हे फारच सोपं चाललंय, थोडा कंटाळाच येतोय' असं वाटलं तर वेग बरोबर आहे. 'मस्त चाललंय, आज फॉर्मात आहे' असं वाटलं तर बहुधा चुकलेला आहे.

आता खाणं. 'भूक लागली की खा' हा या विषयातला सगळ्यात वाईट सल्ला. भूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सुरू केल्यापासून विसाव्या मिनिटाला पहिला घास, मग दर वीस मिनिटांनी १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तासाला ४५ ते ६०. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. जॅम लावलेल्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये ४० च्या आसपास, एका जेलमध्ये (राइडमध्ये खायचं, पाकिटातलं घट्ट गोड मिश्रण) वीस-पंचवीस. मीठ लावलेला उकडलेला बटाटाही उत्तम, गोडाचा कंटाळा आल्यावर तोच उपयोगी पडतो. फोनवर दर वीस मिनिटांचा गजर लावा. गजर पोरकट वाटतो, पण गप्पांत आणि गर्दीत पहिला तास न खाता जातो तो असाच.

प्रोटीन बार, सुकामेवा, तळलेलं यांतलं काही चालत्या राइडमध्ये नको. स्निग्धांश आणि प्रथिनं पोटात रेंगाळतात, आणि पायांना पोचवायचं रक्त पोटाकडे फार वळू शकत नाही. जे खाणार ते लांब सरावात दोन-तीनदा खाऊन बघितलेलं असावं. स्टॉलवर फुकट मिळणारं नवं जेल त्या दिवशी पहिल्यांदा चाखू नका. जेल घ्यायचंच तर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर पोट ढवळतं.

आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर जेवण्यानेही काही साधत नाही. दिवसभर भात, बटाटा, ब्रेड यांचं प्रमाण थोडं वाढवा, रात्री नेहमीइतकंच जेवा. सकाळी राइडच्या दोन-तीन तास आधी हलका, कमी तेलाचा नाश्ता.

पाण्याबद्दल उलटा इशारा आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर बहुतेकांना पुरतं. कडक ऊन असेल तर थोडं जास्त. दोन बाटल्या ठेवा, एकीत साधं पाणी आणि दुसरीत क्षारयुक्त पेय. 'जितकं पिता येईल तितकं प्या' हे धोकादायक आहे. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. ही लक्षणं पाणी कमी पडल्याची समजून लोक आणखी पितात. अशा वेळी पिणं थांबवा आणि वैद्यकीय पथकाला गाठा.

मधला टप्पा

थांबे दहा मिनिटांचे. पाच थांब्यांवर वीस-वीस मिनिटं घालवली की शंभर मिनिटं गेली, शिवाय अंग गार पडून पाय आखडतात. बाटल्या भरा, खा, लघवी करून या, निघा. खुर्चीवर बसू नका.

गर्दीत पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नका. तो जरा सरकला तर पडणार तुम्ही, तो नाही. पहिल्या राइडला पूर्ण एका सायकलचं अंतर ठेवा. खड्डा दिसला की हात दाखवून ओरडून सांगा, ब्रेक अचानक दाबू नका. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा.

पंक्चर झालं तर ट्यूब बदला, रस्त्यावर ठिगळ लावत बसू नका. दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), छोटा पंप आणि मल्टीटूल (एकत्र जोडलेले छोटे पाने) एवढं सामान पुरतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून नीट बघा आणि जपून चाचपा. तो काटा किंवा काच तिथेच राहिली तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा म्हणजे ती पिळवटत नाही, आणि शेवटी ती टायरच्या कडेखाली चिमटलेली नाही ना हे दोन्ही बाजूंनी पाहा.

शेवटचे वीस

पोटरीत किंवा मांडीत गोळा आला तर फक्त मिठाला दोष देऊ नका. सरावापेक्षा जास्त जोर लावल्यानेही गोळे येतात. गिअर हलका करा, वेग उतरवा, थांबून स्नायू हळूच ताणा. चढ जड वाटला तर उतरून ढकलत न्या, ते नियमात बसतं. कट-ऑफची वेळ, म्हणजे राइड संपवायची शेवटची वेळ, आधीच माहीत करून घ्या आणि उरलेलं अंतर तिच्याशी ताडून बघत राहा. चक्कर, छातीत दुखणं किंवा नजर अंधुक होणं यांतलं काही जाणवलं तर मागच्या गाडीला हात करा. देणगी ठरलेली आहे, ती कुठे जात नाही.

शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये धावाधाव नको. दमलेल्या लोकांच्या गर्दीत पडापडी तिथेच होते.

पोचल्यावर तासाभरात नीट जेवा. संध्याकाळी देणगीदारांना आभार, एकूण रक्कम आणि एक फोटो पाठवा. ज्यांनी 'देतो' म्हणून अजून दिले नाहीत त्यांनाही तोच निरोप जाऊ द्या, आणि देणगीची लिंक आणखी आठवडाभर उघडी ठेवा.