शिंगल्सखालच्या डेकिंगचा खर्च गृहविम्यातून कसा मिळवावा

अमेरिकेतील बहुतेक घरांचे छप्पर लाकडी असते. राफ्टरवर किंवा ट्रसवर (छताच्या तिरक्या वाशांवर किंवा लाकडी सांगाड्यावर) प्लायवूडचे अथवा ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या फळीचे) चार फूट बाय आठ फुटांचे तक्ते ठोकलेले असतात, त्यांवर अंडरलेमेंटचा (पाणी रोखणाऱ्या चादरीचा) थर असतो आणि सर्वांत वर शिंगल्स, म्हणजे छपराच्या आच्छादनाचे पातळ तुकडे. तक्त्यांच्या या थराला डेकिंग म्हणतात. गारपिटीनंतर विमा कंपनीचा नुकसान तपासणारा अ‍ॅडजस्टर शिडी लावून वर चढतो, तेव्हा त्याला शिंगल्स दिसतात, डेकिंग दिसत नाही, आणि म्हणून त्याच्या एस्टिमेटमध्ये (खर्चाच्या अंदाजपत्रकात) डेकिंगची ओळ बहुधा नसतेच. पुढे जुने छप्पर उतरवले की रूफर (छपराचे काम करणारा कंत्राटदार) फोन करून सांगतो की इतके तक्ते बदलावे लागणार, आणि मंजूर रकमेच्या बाहेरचे बिल घरमालकापुढे येते. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनोच्या पट्ट्यात, जिथे मराठी कुटुंबांची संख्या बरीच आहे, वसंत ऋतूतील गारपीट काही नवलाची नाही; म्हणून येथे मुख्यतः टेक्ससचे उदाहरण घेतले आहे. अन्य राज्यांतही कामाचा क्रम हाच राहतो, मुदती आणि कायदे मात्र बदलतात.

आधी कारण ठरवा

लाकूड खराब आहे एवढ्याने विमा कंपनी पैसे देत नाही. ते कशामुळे खराब झाले, हे ती विचारते. एचओ-३ या सर्वाधिक प्रचलित पॉलिसीत घराच्या इमारतीला अचानक झालेल्या नुकसानीपासून व्यापक संरक्षण असते, पण झीज, कूज, बुरशी, सदोष बांधकाम आणि देखभालीचा अभाव ही कारणे वगळलेली असतात. त्यामुळे डेकिंगचा खर्च मिळण्याचे दोनच सरळ मार्ग उरतात. एक, गारा, वादळी वारा किंवा कोसळलेले झाड यांमुळे तक्ता तुटला, अथवा त्याच वादळात शिंगल्स उडून पाणी शिरल्याने तो फुगला. दुसरा, तक्ता तुटलेला नाही, पण आजच्या बांधकाम नियमांनुसार त्यावर नवे शिंगल्स ठोकता येत नाहीत. लपलेल्या कुजीमुळे छताचा भाग अचानक कोसळला, तर त्यासाठीही अनेक पॉलिसींत स्वतंत्र कलम असते, परंतु नुसते खचलेले किंवा वाकलेले छत त्या कलमात बसत नाही.

पाच वर्षे चिमणीच्या कडेने झिरपत आलेल्या पाण्याने कुजलेला तक्ता या दोन्हींत बसत नाही, आणि तो गारपिटीच्या खात्यावर घालू पाहणारा रूफर भेटला तर त्याला नकार द्यावा. ती फसवणूक ठरते आणि खऱ्या मागणीवरचाही विश्वास त्यामुळे उडतो.

काम सुरू होण्यापूर्वी

पॉलिसी पूर्ण काढून तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, वारा आणि गारा यांसाठीचा डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा. टेक्ससमध्ये तो बहुधा इमारतीच्या विमा रकमेच्या एक किंवा दोन टक्के असतो. म्हणजे विमा रक्कम ४,००,००० डॉलर आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर आपले. ही वजावट एका क्लेमला एकदाच होते. मूळ एस्टिमेटमधून ती वजा झालेली असेल, तर नंतर मंजूर झालेल्या डेकिंगच्या रकमेतून ती पुन्हा कापली जाऊ नये. दुसरी गोष्ट, छपराची भरपाई बदली खर्चाने (नवे बसवण्याच्या खर्चाइतकी) मिळणार की घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) वजा करून. तिसरी आणि डेकिंगसाठी सर्वांत मोलाची, ऑर्डिनन्स ऑर लॉ हे संरक्षण. नियमांमुळे वाढणारा खर्च त्यातून मिळतो. अनेक पॉलिसींत ते इमारतीच्या रकमेच्या १० टक्के असते, म्हणजे वरील उदाहरणात ४०,००० डॉलरपर्यंत. काही स्वस्त पॉलिसींतून मात्र ते काढलेले असते. वादळ येऊन गेल्यावर ते वाढवून घेता येत नाही, म्हणून हे वाचन खरे तर नूतनीकरणाच्या वेळीच व्हायला हवे.

यानंतर टॉर्च घेऊन छताखालच्या माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये जावे. तक्त्यांच्या खालच्या बाजूला पाण्याचे डाग, गंजलेली खिळ्यांची टोके आणि दोन राफ्टरांमधला खोलगट भाग पाहावा व तारखेसह फोटो काढावेत. ताजी मोड फिकट पिवळी आणि धारदार तंतूंची दिसते. जुनी कूज काळपट असते आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक सहज आत जाते. टेक्ससमधील अनेक नव्या घरांत डेकिंगच्या खालच्या बाजूला उष्णता परतवणारा चंदेरी थर असतो. त्याच्यामागचे डाग खालून दिसत नाहीत, त्यामुळे अ‍ॅटिक स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. तक्ते बदलताना त्याच प्रकारचे चंदेरी थराचे तक्ते मागावेत आणि एस्टिमेटमध्येही तसेच लिहून घ्यावे, कारण साध्या ओएसबीपेक्षा ते महाग पडतात.

रूफरच्या करारात डेकिंगचा दर प्रति तक्ता किंवा प्रति चौरस फूट आधीच लिहिलेला असावा. ‘आवश्यकतेनुसार जादा’ एवढ्या शब्दांवर सही करू नये. टेक्ससमध्ये रूफरला राज्याचा परवाना लागत नाही, तेव्हा करार आणि त्याचा स्वतःचा विमा हाच आधार. डिडक्टिबल आम्ही भरतो असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. २०१९ पासून तेथे तशी सूट देणे बेकायदा आहे, आणि रोखून ठेवलेला घसारा (काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेली घसाऱ्याची रक्कम) देण्यापूर्वी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते.

छप्पर उघडे पडते तो दिवस

सगळा क्लेम या काही तासांवर उभा असतो. रूफरची टोळी सकाळी सातला शिंगल्स उपसायला लागते आणि दुपारपर्यंत नवे अंडरलेमेंट अंथरून मोकळी होते. एकदा ते अंथरले की पुरावा झाकला जातो. म्हणून आदल्या दिवशीच अ‍ॅडजस्टरला ईमेल पाठवावा: क्लेम क्रमांक, छप्पर उतरवण्याची तारीख व वेळ, आणि लपलेले नुकसान आढळल्यास पाहणीची संधी देत आहोत हे एक वाक्य. नुकसान पाहण्याचा हक्क पॉलिसीनेच कंपनीला दिलेला असतो. तो डावलला असे म्हणायला तिला जागा ठेवू नये.

खराब तक्ते दिसले की त्या उतारावरचे काम थांबवून लगेच फोन आणि ईमेल करावा. अ‍ॅडजस्टर येऊ शकत नसेल, तर फोटोंवरून निर्णय देणार का, हे लेखी विचारावे. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर ताडपत्री टाकावी, कारण पुढचे नुकसान टाळणे हीही आपलीच जबाबदारी असते, आणि ताडपत्रीची पावती जपून ठेवावी.

फोटोंना शिस्त हवी. छपराचा साधा आराखडा काढून प्रत्येक उताराला नाव द्यावे आणि प्रत्येक खराब तक्त्यावर खडूने क्रमांक घालावा. मग प्रत्येक तक्त्याचे तीन फोटो घ्यावेत: लांबून संपूर्ण उतार, मधून क्रमांकासह तक्ता, आणि जवळून मोडलेला किंवा फुगलेला भाग, शेजारी मापपट्टी धरून. त्याच जागी वरचे शिंगल वादळात फुटलेले किंवा उडालेले होते, हे दाखवणारा आधीचा फोटो जोडता आला, तर कारणाचा प्रश्न बराचसा सुटतो. काढलेल्या तक्त्यांपैकी दोन-चार तुकडे क्लेम मिटेपर्यंत गॅरेजमध्ये ठेवावेत. घरात अडगळ होते, हे खरे.

नियमांचा मार्ग

जुन्या घरांत हा मार्ग अधिक उपयोगी पडतो. एकेकाळी लाकडी शेक्सचे (चिरलेल्या लाकडी पट्ट्यांचे) छप्पर असलेल्या घरांत सलग डेकिंग नसते. अंतर सोडून ठोकलेल्या फळ्या असतात. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नियमसंहितेनुसार अस्फाल्ट शिंगल्स सलग डेकवरच ठोकावे लागतात, शिवाय ते उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे बसवणेही कोडलाच अपेक्षित असते. अशा घरात संपूर्ण छपरावर नवे तक्ते लागू शकतात. ३० स्क्वेअरच्या, म्हणजे ३,००० चौरस फुटांच्या छपराला कापाकापीची तूट न धरताही ९४ तक्ते.

मात्र ‘कोडला हे लागते’ असे तोंडी सांगून भागत नाही. आपल्या शहराने त्या कोडची कोणत्या वर्षाची आवृत्ती स्वीकारली आहे ते पाहावे, संबंधित कलमाची प्रत काढावी आणि शक्य असल्यास शहराच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरकडून दोन ओळींचे पत्र किंवा ईमेल मिळवावा. रूफरच्या दहा पानी युक्तिवादापेक्षा या दोन ओळी जड भरतात. पॉलिसीतील ऑर्डिनन्स ऑर लॉ या संरक्षणाखालची रक्कम साधारणपणे खर्च प्रत्यक्ष झाल्यावरच मिळते.

सप्लिमेंट पाठवणे

वाढीव खर्चाच्या मागणीला सप्लिमेंट म्हणतात. त्यात क्रमांकित फोटो, आराखडा, चौरस फुटांत मोजणी, दर, आणि वादळ की कोड हे प्रत्येक उतारासाठी स्पष्ट लिहिलेले कारण असावे. बहुतेक अ‍ॅडजस्टर एक्झॅक्टिमेट हे सॉफ्टवेअर वापरतात. रूफरने त्याच मांडणीत ओळी दिल्या तर तपासणी लवकर होते. रूफर किंमत आणि काम यांविषयी अ‍ॅडजस्टरशी बोलू शकतो, पण टेक्ससच्या कायद्यानुसार तो ज्या घराचे काम करतो त्याच घराचा क्लेम घरमालकाच्या वतीने लढवू शकत नाही. ते काम आपले, वकिलाचे किंवा परवानाधारक, घरमालकाची बाजू मांडणाऱ्या पब्लिक अ‍ॅडजस्टरचे.

टेक्ससमध्ये आवश्यक ती सर्व कागदपत्रे मिळाल्यावर कंपनीने साधारणपणे १५ कामकाजाच्या दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा असतो. फ्लोरिडात सप्लिमेंटसाठी नुकसानीच्या तारखेपासून १८ महिन्यांची मुदत आहे. नकार आला तर तो पॉलिसीच्या कोणत्या शब्दांवर आधारलेला आहे ते लेखी मागावे. कारण ‘कूज’ असेल, तर त्या तक्त्यांपुरती माघार घेऊन उरलेल्यांवर ठाम राहणे शहाणपणाचे. सरसकट वाद घातला की सगळेच अडकते. वाद केवळ रकमेचा असेल आणि पॉलिसीत अप्रेझलचे (दोन्ही बाजूंच्या मूल्यांककांकडून रक्कम ठरवून घेण्याचे) कलम असेल तर ते वापरता येते. वर्तनाविषयी तक्रार असेल तर राज्याच्या विमा विभागाकडे ती विनाशुल्क नोंदवता येते.

मंजुरीनंतर अंतिम बिलात तक्त्यांची संख्या मंजूर मोजणीशी जुळते का ते पाहावे. घराचे कर्ज चालू असेल तर धनादेशावर बँकेचेही नाव येते आणि तिची सही मिळायला वेळ लागतो, म्हणून रूफरच्या शेवटच्या हप्त्याची तारीख ठरवताना तेवढी सवड धरावी. रोखलेला घसारा मिळवण्याचीही मुदत पॉलिसीत दिलेली असते. काम पूर्ण झाल्याचा दाखला, बिल आणि भरणा केल्याची पावती तिच्या आत पाठवावी.